धनशक्ती बाजरी: एक हंगाम पेरून आणि सहा महिने खाऊन

गेल्या खरिपात आमच्या पारनेर तालुक्यातील कोरडवाहू शेतात धनशक्ती या बाजरीच्या वाणाचे बियाणे पेरले, सप्टेंबरअखेरीस रास घरी आली आणि त्यानंतरचे सहा महिने पुण्याच्या घरात आणि गावी त्याच बाजरीची भाकरी खाल्ली. मधल्या काळात शहरात 'लोहसमृद्ध बाजरी' म्हणून मिळणारे पाकीटबंद पीठही दोन वेळा विकत आणून पाहिले. या दोन्ही वस्तूंबद्दल वापराअंती जे मत बनले ते येथे मांडत आहे. बाजरीच्या वाणाचा अभिप्राय लिहिणे थोडे विचित्र वाटेल, कारण मोबाईल किंवा मिक्सर घ्यावा तशी बाजरी आपण घेत नाही; परंतु ज्या गुणासाठी हे बियाणे विकले जाते तो गुण डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि वजनकाट्यावरही उतरत नाही. त्यामुळे घेणाऱ्याने नेमके काय घ्यावे आणि कशावर पैसे घालवू नयेत, हे कोणीतरी लिहून ठेवलेले बरे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते. जेवणातील सूक्ष्म पोषक घटकांची, म्हणजे मुख्यतः लोह आणि जस्ताची, कमतरता भरून काढण्याचे दोन मार्ग हल्ली ऐकू येतात आणि त्यांची बऱ्याचदा गल्लत होते. रेशनवर मिळणाऱ्या पोषणयुक्त तांदळात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून कारखान्यात तयार केलेले दाणे साध्या तांदळात ठराविक प्रमाणात मिसळलेले असतात. म्हणजे पोषण बाहेरून घातलेले असते. जैवसंपृक्त वाणात असे काही मिसळलेले नसते. जमिनीतून अधिक लोह उचलून ते दाण्यात साठवणारी झाडे वर्षानुवर्षे निवडत जाऊन तो वाण घडवलेला असतो. धनशक्ती ही अशीच निवडपद्धतीने घडवलेली बाजरी आहे. जनुकीय फेरफार केलेले हे बियाणे नव्हे. हा खुलासा मुद्दाम करावा लागतो, कारण गावात पहिला प्रश्न तोच आला.

या वाणाचा कुळवृत्तांत रंजक आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने पश्चिम आफ्रिकेतील टोगो देशाच्या, ठोकळ दाण्याच्या आणि लवकर येणाऱ्या स्थानिक बाजरीतून आयसीटीपी ८२०३ हा वाण तयार केला होता आणि १९८८ मध्ये तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला होता. आपल्याकडच्या शेतकऱ्यांना तो चांगला परिचित होता. पुढे पिकांतील पोषण वाढवण्यासाठीच्या हार्वेस्टप्लस या कार्यक्रमाखाली दाण्यातील लोहाची तपासणी सुरू झाली, तेव्हा या जुन्या वाणातच लोह मुळात भरपूर असल्याचे आणि त्याच्या झाडाझाडांत लोहाच्या प्रमाणात फरक असल्याचे दिसून आले. त्यातील अधिक लोहाची झाडे निवडून जो सुधारित वाण तयार झाला तो धनशक्ती. इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्यातून तो २०१३ मध्ये महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला आणि २०१४ मध्ये देशपातळीवर अधिसूचित झाला. अधिक खनिजांसाठी घडवून अधिकृतपणे प्रसारित केलेला हा देशातील पहिला पीकवाण. बाजारात तो सुरुवातीला पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सने आणला. बाहेरगावचे बियाणे येथे येऊन रुळले, आणि आपण त्याला अगदी आपले नाव दिले.

आता आकडे. धनशक्तीच्या दाण्यात किलोमागे सरासरी ७१ मिलिग्रॅम लोह आणि ४० मिलिग्रॅम जस्त असते, असे प्रसारणाच्या वेळच्या चाचण्यांतून नोंदले गेले आहे. प्रचलित संकरित वाणांत लोहाचे प्रमाण किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, असे भारतीय कृषी अनुसंधान परिषद सांगते. म्हणजे संकरित बाजरीच्या तुलनेत धनशक्तीत लोह सुमारे दीडपट. परंतु येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, जी बियाण्याच्या पिशवीवर किंवा माहितीपत्रकात सहसा ठळकपणे छापली जात नाही: ज्या आयसीटीपी ८२०३ मधून धनशक्ती निवडली गेली, त्यात ६५ मिलिग्रॅम लोह होतेच. जुन्या वाणाच्या मानाने वाढ फक्त नऊ टक्क्यांची आहे, जस्तात तर वाढ नाहीच. उत्पादनातील वाढ मात्र अकरा टक्क्यांची आहे. ज्या घरात अजून जुनी बाजरी राखून ठेवलेली आहे त्यांनी धनशक्तीकडून चमत्काराची अपेक्षा धरू नये. ज्यांनी मधल्या तीस वर्षांत जुने वाण सोडून केवळ उत्पादनाच्या मागे संकरित बियाण्यांची वाट धरली, त्यांनाच हा फरक खऱ्या अर्थाने जाणवेल. आमचे घर दुसऱ्या प्रकारातले.

शेतातला अनुभव. दीड किलोची पिशवी एका एकराला पुरते. आमची जमीन हलकी, मुरमाड. विहिरीला पाणी आहे, पण ते कांद्यासाठी राखलेले. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ओल पाहून चुलतभावाने दोन ओळींत दीड फूट अंतर ठेवून तिफणीने पेरणी केली आणि पंधरवड्यानंतर विरळणी केली. बियाण्याची उगवण चांगली झाली. वाढीच्या काळात पहिली गोष्ट नजरेत भरली ती झाडांच्या उंचीतील असमानता. शेजारच्या तुकड्यात नेहमीची संकरित बाजरी होती. ती फुटपट्टी लावल्यासारखी एका उंचीची, आणि धनशक्तीत मात्र काही झाडे खांद्याइतकी तर काही डोक्यावर. भावाने हे पाहून बियाण्यात भेसळ असल्याचा संशय घेतला आणि दुकानदाराला फोन करण्याच्या बेतात होता. वास्तविक ही भेसळ नव्हे. धनशक्ती हा संकरित वाण नसून मुक्त परागीभवनाचा, म्हणजे शेतातील झाडाझाडांचे पराग मोकळेपणाने मिसळून बी धरणारा, सुधारित वाण आहे, आणि अशा वाणात झाडे थोडीफार वेगळी असणारच. बियाणे विकताना एवढे एक वाक्य सांगितले असते तर आमच्या घरातील एक वाद टळला असता.

फुटवे संकरितापेक्षा कमी येतात. कणीस आखूड, जाड आणि घट्ट भरलेले. पेरणीपासून साधारण अडीच महिन्यांत पीक काढणीला आले, आणि हलक्या जमिनीच्या शेतकऱ्याला या एका गुणाचे मोल फार, कारण पाऊस सप्टेंबरात दडी मारो किंवा परतीला झोडपून काढो, त्याआधी कणसे खळ्यावर आलेली असतात. गोसावी रोगाची झाडे एकरभरात हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच निघाली आणि ती उपटून टाकली. कणसाच्या जागी हिरव्या पानांच्या जटा फुटतात म्हणून त्याला गोसावी म्हणतात. नाव ठेवणाऱ्याच्या निरीक्षणाला दाद द्यावी लागते. पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या वीस टक्के द्रावणात बुडवून वर तरंगणारे हलके, रोगट बी काढून टाकण्याची जुनी शिफारस आम्ही पाळली होती, आणि फुलोऱ्याच्या वेळी उघाडही होती, त्यामुळे अरगट या बुरशीजन्य रोगाचा चिकटा कणसांवर कोठे दिसला नाही. पाखरांचा त्रास मात्र झाला. ठोकळ दाणा माणसाला आवडतो तसा चिमण्यांनाही आवडतो, आणि आसपासच्या बाजऱ्यांआधी हे पीक दाण्यावर आल्याने सगळा थवा आमच्याच रानात उतरत असे. दोन आठवडे काकू माचाणावर बसून राखण करत होत्या. त्यांच्या मजुरीचा हिशेब कोणत्याही उत्पादन खर्चात धरला जात नाही.

मळणी झाली तेव्हा धनशक्तीचे एकरी सहा क्विंटल भरले आणि शेजारच्या संकरिताचे सातच्या थोडे वर गेले. संशोधन केंद्रांवरील चाचण्यांत धनशक्तीचे उत्पादन हेक्टरी २२ क्विंटल, म्हणजे एकरी पावणेनऊच्या आसपास नोंदले आहे. आमच्या मुरमात, खताच्या एकाच मात्रेवर सहा क्विंटल मिळाले याला मी वाईट म्हणणार नाही. सरमाड मात्र संकरितापेक्षा स्पष्टच कमी निघाले. ज्यांच्या दावणीला चार जनावरे आहेत त्यांनी हा मुद्दा दाण्याइतकाच तोलून पाहावा, कारण नगर जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात बाजरी माणसांसाठी जितकी पेरली जाते तितकीच वैरणीसाठी पेरली जाते. बाजार समितीत धनशक्तीला वेगळा भाव मिळत नाही. व्यापारी दाण्याचा रंग आणि ठोकळपणा पाहतो. लोह पाहण्याचे साधन त्याच्याकडे नाही आणि त्याला त्याचे कारणही नाही. ज्याला सगळा माल विकायचा आहे त्या शेतकऱ्याने एकरी क्विंटलभराचे नुकसान सोसून हा वाण का लावावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर आज तरी बाजारात नाही. घरी खाण्यासाठी लावायचा असेल तर उत्तर सोपे आहे.

बियाणे राखण्याबाबत आमच्याकडून एक चूक झाली, ती येथे नोंदवून ठेवतो. मुक्त परागीभवनाच्या वाणाचा मोठा फायदा हा की त्याचे बी पुढच्या वर्षी घरचेच वापरता येते, संकरिताप्रमाणे दर वर्षी पिशवी विकत घ्यावी लागत नाही. परंतु बाजरी हे परपरागीभवनाचे पीक. वाऱ्यासरशी पराग दूरवर जातो, म्हणून बीजोत्पादनासाठी दुसऱ्या बाजरीपासून किमान दोनशे मीटरचे अंतर ठेवावे लागते. आम्ही तुलना नीट करता यावी म्हणून संकरित बाजरी अगदी बांधाला लागून पेरली होती. तुलना उत्तम झाली आणि बी वाया गेले. काकूंनी खळ्यावरून हौसेने निवडून ठेवलेली पंचवीस-तीस जाड कणसे पुढे बियाणे म्हणून न वापरता दळणातच गेली, आणि त्यांनी ते मनाला लावून घेतले. कारण कणीस जाड आहे की नाही हे त्यांना दिसते, त्यात पराग कोठला पडला हे कोणालाच दिसत नाही.

स्वयंपाकघरातील परीक्षा अधिक सरळ होती. दाणा मोठा, गडद राखाडी आणि चकचकीत. दळल्यावर पीठ नेहमीच्या बाजरीपेक्षा किंचित काळसर दिसते. घरात पाहुणे असताना एकदा दोन्ही बाजऱ्यांच्या भाकऱ्या वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवून कोणती कोणती ते ओळखायला सांगितले. एकालाही खात्रीने सांगता आले नाही, आणि जे सांगितले गेले ते चुकीचे निघाले. चव, वास, फुगणे, दुसऱ्या दिवशीची शिळी भाकरी दुधात कुस्करली असता लागणारी गोडी, या कशातच फरक नाही. याला मी या वाणाचा सर्वांत मोठा गुण मानतो. घरात नवे काही पौष्टिक आणले की पहिल्या आठवड्यात कौतुक होते आणि दुसऱ्या आठवड्यात ते डब्याच्या तळाशी जाते, हा नाचणीच्या बिस्किटांपासून अळशीच्या चटणीपर्यंतचा आमचा अनुभव आहे. येथे सवय बदलावी लागली नाही. भाकरी होती तीच राहिली.

पिठाचा प्रश्न मात्र प्रत्येक बाजरीला असतो तसाच याही बाजरीला आहे. बाजरीच्या दाण्यात गहू किंवा ज्वारीच्या मानाने तेलाचा अंश जास्त असतो, आणि दळल्यानंतर त्या तेलाचे विघटन लगेच सुरू होते. आठ-दहा दिवसांत पिठाला कडवटपणा येतो, पिठाची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने फाटू लागते. म्हणून बाजरी आठवड्यापुरतीच दळावी हा आजीचा नियम लोहाच्या बाजरीलाही लागू आहे.

येथूनच दुसऱ्या वस्तूकडे वळतो. शहरातील एका नामांकित दुकानातून 'लोहसमृद्ध' असे ठळक छापलेले बाजरीच्या पिठाचे पाकीट घेतले. किंमत कोपऱ्यावरच्या गिरणीत बाजरी देऊन दळून आणण्याच्या खर्चाच्या जवळजवळ तिप्पट. पाकिटावर हिरवे शेत होते, हसरी मुलगी होती, तीन महिन्यांची वापराची मुदत होती. वाणाचे नाव नव्हते, आणि पोषणमूल्यांच्या चौकटीत लोहाची ओळच नव्हती. पहिले पाकीट उघडले तेव्हाच पीठ कडू लागले. दुसरे पाकीट दुसऱ्या ठिकाणाहून आणले. ते कडू नव्हते, पण त्याला चिकटपणा अजिबात नव्हता. उकळत्या पाण्यात उकड काढूनही भाकरी परातीतून उचलताना तुकडे होत होते. बहुधा टिकवण्यासाठी ते आधी उष्णतेची प्रक्रिया करून घेतलेले असावे. दुकानात विचारणा केली असता विक्रेत्याने, बाजरीत लोह असतेच, म्हणून सगळीच बाजरी लोहसमृद्ध, असे उत्तर दिले. उत्तर तर्काला धरून होते हे मान्य करावे लागेल, पण मग तिप्पट किंमत कशाची?

याच ठिकाणी जैवसंपृक्त धान्याची खरी अडचण आहे. पोषणयुक्त मिठाला किंवा तेलाला चिन्ह असते, प्रमाणके असतात, कारखान्यात मोजमाप असते. शेतातून आलेल्या धान्याच्या बाबतीत ग्राहकाला केवळ सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागतो. शिवाय दाण्यातील लोह शेतागणिक बदलते. जमिनीत चुनखडीचे प्रमाण जास्त असेल तर झाडाला लोह मिळेनासे होते, जस्ताची कमतरता तर आपल्या राज्यातील जमिनींत सर्रास आहे, आणि नीट न पाखडलेल्या दाण्यावर चिकटलेली मातीची धूळही प्रयोगशाळेच्या अहवालात लोहाचा आकडा फुगवू शकते. म्हणजे ७१ हा आकडा सरासरीचा आहे, माझ्या पोत्याचा नव्हे. वाणाची क्षमता बियाण्यात येते. ती दाण्यात किती उतरेल हे रान ठरवते. हे सगळे एका पाकिटावर छापता येणार नाही हे मला कळते, परंतु वाणाचे नाव आणि तपासलेल्या नमुन्याचा आकडा छापायला काय हरकत आहे?

मग या बाजरीने अंगात लोह खरोखर वाढते का? आमच्या घरात कोणी रक्त तपासून घेतलेले नाही आणि घेतले असते तरी पाच माणसांवरून निष्कर्ष काढणे हास्यास्पद ठरले असते. सुदैवाने हा प्रश्न आपल्याच भागात नीट तपासला गेला आहे. महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षांच्या २४६ शाळकरी मुलामुलींना सहा महिने भाकरी देऊन एक चाचणी झाली. काहींना अधिक लोहाच्या बाजरीची, काहींना साध्या बाजरीची. कॉर्नेल विद्यापीठ आणि मुंबईचे एसएनडीटी विद्यापीठ यांच्या संशोधकांनी केलेल्या या कामाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलांत सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी जैवसंपृक्त भाकरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता साधी भाकरी खाणाऱ्यांच्या १.६४ पट आढळली, आणि शरीरातील लोहाच्या साठ्यात फरक चौथ्या महिन्यातच दिसू लागला. बेळगाव परिसरातील दोन वर्षांच्या आसपासच्या बालकांवरील २०१३ च्या अभ्यासात अशा बाजरीच्या जेवणातून दिवसाला ०.६७ मिलिग्रॅम लोह शोषले गेले, तर साध्या बाजरीतून ०.२३. उलट बाजूही सांगायला हवी. मुंबईतील वस्त्यांमध्ये दीड वर्षाच्या आतील मुलांना नऊ महिने अशा बाजरीचा पूरक आहार देऊन पाहिला, तेव्हा साध्या बाजरीच्या तुलनेत एकूण गटाच्या हिमोग्लोबिनमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. जेथे कमतरता आहे, बाजरी हाच रोजचा आहार आहे आणि ती पोटभर खाल्ली जाते तेथे उपयोग होतो; चमचा-दोन चमचे खिरीतून जाणाऱ्या बाजरीकडून फार अपेक्षा ठेवू नये, असा अर्थ मी यातून घेतला.

घरचा हिशेब असा मांडला. दोन्ही वेळच्या जेवणात मिळून २०० ग्रॅम पिठाच्या भाकऱ्या खाल्ल्या तर धनशक्तीतून सुमारे १४ मिलिग्रॅम लोह जाते, संकरित बाजरीतून नऊ ते दहा. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळावे. धान्याच्या जेवणातून लोह फार कमी शोषले जाते हे धरूनच तो आकडा एवढा मोठा ठेवलेला आहे. म्हणजे दिवसाची जवळजवळ निम्मी गरज भाकरीतूनच भागते, आणि बियाणे बदलल्याने पडणारा फरक चार-पाच मिलिग्रॅमचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्यांच्यासाठी हा फरक औषधाची जागा घेणारा नाही, पण रोज, फुकट आणि न सांगता होणारा आहे. ज्यांना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी भाकरीच्या भरवशावर त्या बंद करू नयेत.

आणि येथे आपल्या सवयी आडव्या येतात. आपल्याकडे बाजरी उष्ण मानली जाते. दिवाळीनंतर ती ताटात येते, भोगीला तीळ लावलेली भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी असा तिचा मानाचा दिवस होतो, आणि होळीनंतर ती हळूहळू नाहीशी होते. चाचणीतील मुलांनी ती सहा महिने रोज खाल्ली होती. आम्ही ठरवून एप्रिलपर्यंत खात राहिलो; मार्चनंतर आईने अंगात उष्णता वाढल्याची तक्रार केली आणि ताकाचा पेला वाढवला. दुसरी अडचण चहाची. धान्यातील फायटेट लोहाला धरून ठेवते, त्यात जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहातील टॅनिनची भर पडली की मिळालेल्या लोहातील मोठा भाग शरीरात न शिरताच निघून जातो. लिंबू, कच्चा कांदा, कोथिंबीर, ताजा हिरव्या मिरचीचा ठेचा यांतील क जीवनसत्त्व याच्या उलट काम करते. भाकरी, ठेचा आणि फोडलेला कांदा हे जेवण कोणत्याही आहारतज्ज्ञाच्या सल्ल्यावाचून किती बरोबर जमले आहे, हे मला या निमित्ताने प्रथमच लक्षात आले. त्यावर लगेच येणारा कटिंग मात्र सगळे बिघडवतो.

पर्यायांबद्दल थोडक्यात. धनशक्तीनंतर अधिक लोहाचे संकरित वाणही आले आहेत आणि उत्पादनात मागे पडायचे नसेल तर त्यांचा विचार करावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने २०१७ मध्ये दिलेल्या एएचबी १२०० मध्ये किलोमागे ७३ मिलिग्रॅम लोह आणि हेक्टरी ३२ क्विंटल उत्पादन नोंदले आहे. त्याच विद्यापीठाच्या एएचबी १२६९ मध्ये लोह ९१ मिलिग्रॅमपर्यंत जाते, आणि राहुरी विद्यापीठाच्या धुळे केंद्राच्या फुले महाशक्तीत ८७. यांचे बी दर वर्षी विकत घ्यावे लागते, एवढीच अट. आमच्या तालुक्याच्या गावी हे वाण मागितले असता तीनपैकी एकाच दुकानात एक मिळाला, आणि तोही 'आठवड्याने या' म्हणून. ज्वारी खाणाऱ्यांसाठी परभणी शक्ती आहे, खपलीखेरीज बन्सी जातीच्या गव्हाची आवड असणाऱ्यांसाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस ४०२८ आहे. हे दोन्ही मी वापरलेले नाहीत. २०१८ पासून बाजरीच्या कोणत्याही नव्या वाणाला राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळण्यासाठी दाण्यात किमान ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त असण्याची अट घातलेली आहे, हे मला पाकिटांवरील कोणत्याही घोषणेपेक्षा महत्त्वाचे वाटते, कारण त्यामुळे न मागताही थोडे पोषण प्रत्येक पिशवीत येते.

तेव्हा ज्यांच्याकडे जमीन आहे आणि घरात बाजरी खाल्ली जाते त्यांनी धनशक्तीचे बियाणे निःशंक घ्यावे. अर्धा एकर घरच्या वर्षाला पुरते. ज्यांना विकायचे आहे त्यांनी वर सांगितलेले संकरित वाण पाहावेत. शहरातील वाचकांनी पिठाचे पाकीट घेऊ नये. ओळखीच्या शेतकऱ्याकडून वाणाचे नाव विचारून दाणा घ्यावा, त्यात कडुनिंबाचा पाला घालून ठेवावा आणि आठवड्याला लागेल तेवढाच दळावा. बियाण्याला मी पाचपैकी चार गुण देईन. एक गुण सरमाडासाठी आणि पिशवीवर न सांगितलेल्या गोष्टींसाठी कापला आहे. पाकीटबंद पिठाला एक, तोही छपाईसाठी.

या जूनमध्ये पुन्हा नवी पिशवी आणली आहे. या वेळी धनशक्ती ओढ्यापलीकडच्या तुकड्यात पेरायची ठरली आहे, जेथून कोणाचीही बाजरी तीनशे मीटरच्या आत नाही, आणि कणसे निवडण्याचे काम काकूंनी आधीच स्वतःकडे मागून घेतले आहे. मागच्या राशीतील दीड पोते अजून शिल्लक आहे, ते पोळ्यापर्यंत पुरेल. जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलण्याचा माझा प्रस्ताव मात्र घरात दोनदा मांडला गेला आणि दोन्ही वेळा चहा पिता पिताच फेटाळला गेला.